जुन्या संकल्पना-मोटारींचे छायाचित्रण : आस्वाद आणि दस्तऐवज

प्रस्तावना :

मोटारनिर्मितीच्या इतिहासात संकल्पना-मोटार हा एक स्वतंत्र वर्ग आहे. भविष्यातील मोटार कशी असू शकेल हे लोकांना दाखवावे व त्यांची पसंती अजमावावी, या हेतूने बहुधा एकाच प्रतीत घडविलेले वाहन म्हणजे संकल्पना-मोटार होय. ती विक्रीसाठी नसते. पाहिली जाणे हेच तिचे प्रयोजन असते. त्यामुळे छायाचित्रणाशी तिचे नाते इतर वाहनांपेक्षा अधिक निकटचे आहे. जुन्या संकल्पना-मोटारींचा आस्वाद कसा घ्यावा, त्यांच्या छायाचित्रणात कोणत्या अडचणी येतात आणि या छायाचित्रांना दस्तऐवज म्हणून काय मोल आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

जनरल मोटर्स कंपनीच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांनी १९३८ मध्ये तयार करविलेली ‘ब्यूक वाय-जॉब’ ही सामान्यतः पहिली संकल्पना-मोटार मानली जाते. झाकले जाणारे दिवे आणि विजेवर चालणाऱ्या खिडक्यांच्या काचा ही तिची काही वैशिष्ट्ये होत. दुसऱ्या महायुद्धानंतर याच कंपनीने ‘मोटोरामा’ ही फिरती प्रदर्शने भरविली. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात मांडलेली ‘कॉर्व्हेट’ त्याच वर्षी उत्पादनात गेली; परंतु असे भाग्य थोड्याच मोटारींना लाभले. इटलीत बर्टोने या कारखान्यासाठी फ्रँको स्कॅलिओने यांनी १९५३ ते १९५५ या काळात अल्फा रोमिओच्या ‘बॅट’ मालिकेतील तीन मोटारी रचल्या. हवेचा विरोध कमी करणे हा त्यांमागील मुख्य विचार होता.

प्रदर्शन संपल्यावर मात्र या वाहनांचे प्रयोजनच संपत असे. अनेक मोटारी मोडीत काढल्या गेल्या. मोटोरामातील चार मोटारी मिशिगन राज्यातील एका भंगारखान्यात पडून होत्या. संग्राहक जो बोर्ट्झ यांनी त्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस मिळविल्या. त्यांपैकी १९५५ च्या ‘शेव्हरले बिस्केन’ची काया तर तुकड्यांच्या स्वरूपात हाती आली आणि पुढे ती जुळवून मोटार पुन्हा उभी करण्यात आली.

आस्वादाची दृष्टी :

संकल्पना-मोटारीकडे केवळ चमत्कृती म्हणून पाहिल्यास तिचा अर्थ निसटतो. प्रत्येक अवयवामागे तत्कालीन समाजाची एखादी आकांक्षा दडलेली असते. १९५८ मध्ये साकारलेल्या ‘फायरबर्ड-३’चे सात पंख, दोन स्वतंत्र पारदर्शक घुमट आणि सुकाणूचक्राऐवजी बसविलेला एकच दांडा यांतून जेट विमानाच्या युगाचे आकर्षण प्रकट होते. याउलट मार्चेलो गांदिनी यांच्या १९७० च्या ‘स्ट्रॅटोस झीरो’मध्ये पंख नाहीत, क्रोमची झळाळी नाही, जेमतेम ८४ सेंटिमीटर उंचीची ती एक पाचर आहे. समोरची काच उचलून आत शिरावे लागते. अवघ्या बारा वर्षांत भविष्याचे चित्र किती पालटले, हे या दोन मोटारी शेजारी ठेवल्यास ध्यानात येते.

छायाचित्रणातील तंत्र :

मूळ प्रदर्शनात या मोटारी कृत्रिम प्रकाशात, बहुधा फिरत्या चौथऱ्यांवर मांडल्या जात. आज त्या कॅलिफोर्नियातील पेबल बीच किंवा इटलीतील कोमो सरोवराकाठच्या व्हिला द’एस्ते येथील प्रदर्शनांत खुल्या आकाशाखाली, हिरवळीवर वा खडीवर, गर्दीच्या वेढ्यात दिसतात. गर्दी जमण्यापूर्वीची सकाळची वेळ म्हणूनच मोलाची असते. कोवळ्या तिरप्या प्रकाशात पत्र्याचे उंचसखल भाग स्पष्ट होतात. ढगाळ हवामानात प्रतिबिंबे सौम्य होतात.

पहिली अडचण प्रमाणबद्धतेची. गर्दीमुळे छायाचित्रकार मोटारीच्या अगदी जवळ जातो आणि रुंद कोनाचे भिंग वापरतो. त्यामुळे जवळचा भाग फुगलेला व दूरचा भाग आखडलेला दिसतो. रचनाकाराने साधलेला तोल बिघडतो. शक्य असल्यास दहा-पंधरा मीटर दूर उभे राहून, ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर वा तेवढ्याच संवेदकाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिलिमीटरचे भिंग वापरणे श्रेयस्कर. कॅमेऱ्याची उंचीही महत्त्वाची आहे. ‘स्ट्रॅटोस झीरो’ उभ्याने टिपल्यास तिचे छतच अधिक दिसते, पाचरीची धार दिसत नाही. तिच्यासाठी गुडघे टेकावेच लागतात. ‘बॅट’ मोटारींच्या आत वळलेल्या पंखांचा डौल मात्र मागून, किंचित उंचावरून पाहिल्यासच उमगतो.

दुसरी अडचण प्रतिबिंबांची. ध्रुवण-फिल्टरने काच व रंगाच्या थरावरील झळाळी पुष्कळशी कमी करता येते. परंतु क्रोमसारख्या धातूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. तेथे जागा बदलणे हाच उपाय. पारदर्शक प्लास्टिकच्या घुमटावर तर या फिल्टरमुळे इंद्रधनुषी पट्टे उमटू शकतात. ते प्लास्टिकमधील ताणाचे असतात, मूळ रंगसंगतीचे नव्हेत.

दस्तऐवज म्हणून मोल :

काही मोटारींच्या बाबतीत छायाचित्र हाच मुख्य अवशेष आहे. क्रायस्लरची ‘नॉर्समन’ ट्यूरिन येथे गिया कारखान्यात घडविली गेली. ती अमेरिकेकडे नेणारे ‘आंद्रेआ दोरिया’ हे जहाज २५ जुलै १९५६ रोजी अपघातात सापडून दुसऱ्या दिवशी बुडाले. जनतेने ती प्रत्यक्ष कधी पाहिलीच नाही. गियानेच बांधलेल्या १९५५ च्या ‘लिंकन फ्युचुरा’चे पुढे जॉर्ज बॅरिस यांनी १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ‘बॅटमोबाइल’मध्ये रूपांतर केले. मोटार आजही आहे, पण तिचे मूळ रूप छायाचित्रांत व चित्रफितींतच उरले आहे.

म्हणून आजच्या छायाचित्रकाराने केवळ देखण्या कोनावर समाधान मानू नये. प्रसिद्धीच्या छायाचित्रांत सहसा न येणारे सांधे, बिजागऱ्या, उपकरणफलक, आसनांचे कापड व दुरुस्तीच्या खुणाही मालकाच्या अनुमतीने टिपाव्यात; स्थळ व दिनांक नोंदवावा. पुन्हा उभारलेल्या मोटारीचे आजचे छायाचित्र तिच्या आजच्या अवस्थेचा पुरावा आहे, १९५५ च्या अवस्थेचा नव्हे, हा विवेक राखणे अगत्याचे आहे. संगणकावर रंग अधिक गडद केल्यास चित्र आकर्षक होते. पण पुराव्याचे मोल घटते. त्यामुळे मूळ प्रत निराळी जतन करावी.

निष्कर्ष :

१) संकल्पना-मोटार हे आपापल्या काळातील भविष्यकल्पनेचे मूर्त रूप असून तिचा आस्वाद त्या काळाच्या संदर्भातच घ्यावा लागतो.

२) अंतर, उंची व प्रकाश यांची निवड ही केवळ तांत्रिक बाब नाही, रचनाकाराचा हेतू प्रेक्षकापर्यंत पोहोचणे तिच्यावर अवलंबून असते.

३) या मोटारी बहुधा एकेकट्याच असल्याने एक नष्ट वा परिवर्तित झाली की तिची जागा दुसरी घेऊ शकत नाही. अशा वेळी प्रामाणिकपणे टिपलेले छायाचित्र हेच पुढील अभ्यासकाचे प्रमुख साधन ठरते.