विंचवाची पिल्लं आईला खात नाहीत

विंचवाची मादी व्याली की पिल्लं तिच्या पाठीवर चढतात, तिलाच पोखरून खातात आणि ती मरते, असं आपल्याकडे गावोगावी सांगतात. ही समजूत फक्त आपल्या आज्यांची नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलनेही लिहून ठेवलं होतं की विंचवाची माता आपल्याच पिल्लांकडून मारली जाते. एवढ्या मोठ्या माणसाने लिहिलं, म्हणून पुढे शतकानुशतकं कुणी नीट पाहिलंच नाही.

पाहिलं ते १७व्या शतकात, इटलीत. फ्रांचेस्को रेदी या वैद्याने विंचू पाळले आणि मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, हे नोंदवलं. पुढे फ्रान्समध्ये जाँ-आँरी फाब्र याने आपल्या बागेत विंचवांची वस्तीच केली आणि त्यांचा सगळा संसार जवळून पाहिला. जन्मलेली पिल्लं पांढरी, मऊ असतात. त्यांना शिकार जमत नाही. अंगातल्या साठ्यावरच ती जगतात. पहिली कात टाकेपर्यंत पाठीवर बसून राहतात, मग उतरून आपापल्या वाटेने जातात. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही आपली म्हण या बाबतीत अक्षरशः खरी आहे. आईला मात्र कुणी खात नाही. उलट उपाशी किंवा बिथरलेली मादीच कधीकधी पिल्लू खाते. विंचवाने टाकलेली कात म्हणजे हुबेहूब पोकळ विंचू; ती पाहून ही समजूत पक्की झाली असावी, असं मला वाटतं.

विंचू जन्मतो कुठून, यावरही असंच. सुश्रुतसंहितेत मंद विषाचे विंचू शेणाच्या कुजण्यातून, मध्यम विषाचे लाकूड-विटांतून आणि तीव्र विषाचे कुजलेल्या सापातून होतात, असं सांगितलं आहे. युरोपात व्हान हेल्मॉन्ट हा वैद्य तुळशीच्या कुळातला पाला दोन विटांमध्ये ठेवून विंचू तयार करण्याची कृती देत होता. विटांखाली, लाकडाखाली, शेणाच्या ढिगाऱ्यात विंचू सापडतो हे खरंच आहे, कारण तिथे अंधार, ओल आणि किडे मिळतात. राहण्याची जागा म्हणजेच जन्माची जागा, असं धरून दोघंही चुकले. पण सुश्रुताचं एक निरीक्षण पक्कं होतं: सगळ्या विंचवांचं विष सारखं नसतं. त्याकडे पुढे येऊच.

सर्वांत चिवट गैरसमज आत्महत्येचा. विंचवाभोवती निखाऱ्यांचं रिंगण केलं की तो स्वतःलाच नांगी मारून मरतो, असं शपथेवर सांगणारी माणसं आजही भेटतात. १९व्या शतकात यावर मोठा वाद झाला आणि त्याचं स्पष्ट उत्तर भारतातूनच मिळालं. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारे आल्फ्रेड बोर्न यांनी तिथल्याच विंचवांवर प्रयोग केले. विंचवाची नांगी स्वतःच्या अंगापर्यंत पोचू शकते, पण त्याचं विष त्याला स्वतःला मारू शकत नाही, हे त्यांनी १८८७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात मांडलं. मग रिंगणात तो मरतो कशाने? उष्णतेने. ५० अंश सेल्सिअसच्या आसपासची धग त्याला सोसत नाही. अंग आखडतं, शेपटी वेडीवाकडी आपटते आणि बघणाऱ्याला वाटतं की याने स्वतःला नांगी मारली. फाब्रने तर आणखी एक गोष्ट करून पाहिली. रिंगणात निपचित पडलेला विंचू उचलून त्याने थंड वाळूवर ठेवला. तासाभरात ‘मेलेला’ विंचू चालू लागला! निखाऱ्यांत विंचू टाकून मौज बघणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं की ते त्याची आत्महत्या पाहत नाहीत, त्याला भाजून मारत आहेत.

विंचू हा कीटक, असंही अनेकांना वाटतं. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनेही १७५८ साली त्याला कीटकांतच बसवलं होतं. पण आठ पायांचा विंचू कोळ्याच्या गोतातला. निसर्गअभ्यासक लामार्कने १८०१ मध्ये अष्टपादांचा वेगळा वर्ग केला.

आता जीवावर बेतणारा गैरसमज. विंचू जितका मोठा आणि काळा, तितका घातक, असं आपण धरून चालतो. काळी इंगळी डसली की माणूस तळमळतो, यात शंका नाही. पण आपल्याकडे जीव घेतो तो लहानसा लालसर विंचू. कोकणात महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७०च्या दशकापासून अशा रुग्णांच्या उशाशी रात्री जागून नोंदी केल्या. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं, मग फुप्फुसांत पाणी होऊन मृत्यू. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ही धोक्याची लक्षणं मांडली. या विषाने शरीरातली उत्तेजक संप्रेरकं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी यावर वापरली. तोवर पश्चिम भारतात अशा रुग्णांतले २५ ते ३० टक्के दगावत असल्याच्या नोंदी होत्या. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आलं. विंचवाच्या अभ्यासातलं इतकं मोलाचं काम एका तालुक्याच्या गावी झालं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मग मंत्राने विंचू उतरतो, चिंचोका विष ओढून घेतो, हा लोकांचा अनुभव खोटा का? अनुभव खरा, कारण चुकीचं. बहुतेक विंचवांचा डंख नुसताच दुखतो आणि काही तासांत आपोआप ओसरतो. श्रेय मांत्रिकाला मिळतं. लाल विंचवाच्या गंभीर विषबाधेत मात्र डंखाची जागा फारशी दुखतही नाही आणि घरचे निर्धास्त राहतात, हे फार धोक्याचं आहे.

म्हणून कळकळीची विनंती: विंचू चावलेल्या मुलाला घाम सुटला, उलटी झाली किंवा हातपाय गार पडले, तर उतारा शोधत बसू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा.