परीक्षक बाहेरचा

बीए ऑनर्स म्हटलं की आपल्याला पदवीमागचं एक बिरुद आठवतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या स्वॉर्थमोर कॉलेजात मात्र ती शिकण्याची वेगळीच वाट आहे. ऑक्सफर्डला शिकून आलेले फ्रँक एडेलॉट १९२१ मध्ये तिथे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ती सुरू केली. हुशार मुलांना वर्गाच्या सरासरी चालीने चालवू नये, हा त्यामागचा विचार.

शेवटची दोन वर्षं ही मुलं छोट्या सेमिनारमध्ये बसतात. टेबलाभोवती मोजके जण, तासन्‌तास चर्चा. आधी भरपूर वाचून यायचं. मध्ये खाण्याची सुट्टी, आणि खाऊ मुलांनीच आळीपाळीने आणायचा!

खरी गंमत परीक्षेत. शिकवणारे प्राध्यापक ऑनर्सचा निकाल लावत नाहीत. इतर विद्यापीठांतले तज्ज्ञ येतात, लेखी काम वाचतात, मग समोर बसवून तोंडी घेतात. म्हणजे गुरू-शिष्य एका बाजूला आणि परीक्षक पलीकडे. ऑनर्स, हाय ऑनर्स की हायेस्ट ऑनर्स, हे या पाहुण्यांनीच ठरवायचं. आपल्याकडेही प्रॅक्टिकलच्या तोंडीला बाहेरचे परीक्षक येतात. पण बहुधा शेजारच्या खुर्चीत घरचेही बसलेले असतात.