मंडळही आपलं, गाणंही आपलं

भजनी मंडळातली एखादी बाहेर एकटी गायला गेली, की कुजबुज सुरू होते, "आता ही मंडळ सोडणार!" आज आपल्या मिरजेच्याच लेकीची गोष्ट ऐका.

हिराबाई बडोदेकर 1905 साली मिरजेत जन्मल्या. भाऊ सुरेशबाबू माने, धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे. या भावंडांच्या नूतन संगीत विद्यालयाने नाट्यशाखा काढली. तेव्हा बहुतेक नाटकांत बायकांची कामं पुरुष करायचे. इथे मात्र दोघी बहिणी स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. नाटक म्हणजे साऱ्यांनी मिळून ओढायचा गाडा. तरी हिराबाईंनी आपल्या मैफिली आणि ध्वनिमुद्रिका सोडल्या नाहीत. पुढे नाट्यशाखा बंद पडली, पण त्यांचं गाणं थांबलं नाही. सरस्वतीबाई 1943 च्या 'रामराज्य' चित्रपटासाठी गायल्या. वाटा वेगळ्या झाल्या, तरी पुढे दोघींची जुगलबंदी गाजलीच. हिराबाईंना 1970 साली पद्मभूषण मिळालं.

मग आपण काय करायचं? मंडळाच्या तारखा आधी वहीत लिहा. बाहेरचा कार्यक्रम घेण्याआधी ती वही बघा. पेटी असो, टाळ असो की पुढचा आवाज, प्रत्येक कामाला दोघी तयार ठेवा, म्हणजे एक नसली तरी भजन अडणार नाही. मंडळाची बिदागी आणि स्वतःची बिदागी यांचा हिशोब वेगळा ठेवा. आणि बाहेर शिकलेली नवी चाल परत येऊन साऱ्याजणींना शिकवा. मग कुजबुजीला जागाच उरणार नाही.