झिरो बिलवाले

सकाळी सहा. फेब्रुवारीत या वेळी कराडला चांगलाच गारठा असतो, पण पॅनेल धुवायची तर हीच वेळ. ऊन चढल्यावर तापलेल्या काचेवर गार पाणी मारणं धोक्याचं, शिवाय पाणी जागेवरच वाळून पांढरे डाग धरतात. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातून काळी राख उडते आणि वाळत घातलेल्या सदऱ्यावर पडते तशी पॅनेलवरही पडते. गंमत अशी की, उसाच्या बगॅसवर होणारी वीजसुद्धा सरकारदरबारी हरितच. म्हणजे एका हरित विजेची राख दुसऱ्या हरित विजेच्या अंगावर. आज मंगळवार पेठेतल्या ज्या घरी गेलो तिथे रोजचे बारा युनिट नऊवर आले होते आणि मालकांनी इन्व्हर्टर बिघडल्याची तक्रार लावून धरली होती. मी काही बोललो नाही. मऊ मॉप फिरवला, बादलीतलं काळं पाणी त्यांना दाखवलं. "एवढं?" म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला.

साडेआठ. गाळ्याचं शटर उघडलं की कागदांचा तास. लोकांना वाटतं सोलर म्हणजे ऊन. माझ्या मते निम्मं सोलर म्हणजे नावात बदल. 'पीएम सूर्यघर' योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे ७८ हजार रुपये अनुदान. अर्ज ऑनलाइन आणि पैसे थेट खात्यात. पण वीजबिलावर नाव कुणाचं? आज आलेल्या वहिनींच्या घरचा मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. मृत्यूचा दाखला आहे, वारसांची नाहरकत नाही. धाकटे दीर मुंबईला, आणि वाटणीवरून बोलणं बंद. तीन किलोवॅटची यंत्रणा वर्षाला चार हजारांवर युनिट देते. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे वर्षाला तीन टनांच्या आसपास वाचेल. तो सगळा सध्या त्या दिरांच्या एका सहीवर अडून बसला आहे.

दहा. मलकापुरातलं नवीन काम. साडेपाचशे वॅटची सहा पॅनेल, एकेक जवळजवळ तीस किलोचं आणि माणसापेक्षा उंच. जिना अरुंद, त्यामुळे पोरांनी दोर लावून बाहेरून वर ओढली. स्ट्रक्चर काल उभं केलं होतं. तोंड दक्षिणेला, उतार सतरा अंशांच्या आसपास, कारण कराडचा अक्षांशही तेवढाच. काम सुरू होणार तोच काकू गच्चीवर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे सगळं झाकलंत, मग मी कुरडया कुठं घालू?"

प्रश्न अगदी रास्त होता. गच्चीवर ऊन एकच आणि गिऱ्हाइकं दोन. काकांनी हळूच सुचवलं, स्ट्रक्चर आणखी उंच करा, खालून वापर होईल. उंच केलं की वारा जास्त लागतो, लोखंड वाढतं, खर्च वाढतो, आणि खाली कुरडयांना सावलीच मिळते. मग टेप काढला. टाकी पश्चिमेला, तिची दुपारनंतरची सावली पूर्वेकडे सरकत येणार. शेजारच्या नारळाची सकाळी थोडा वेळ. एका पॅनेलवर सावली पडली तरी ओळीत जोडलेल्या बाकीच्यांचीही वीज उतरते, त्यामुळे त्या पट्ट्यात पॅनेल लावण्यात अर्थ नव्हता. तोच पट्टा काकूंना दाखवला. दहा ते दोन इथे कडकडीत ऊन असतं. त्यांनी स्वतः दोन चादरींची घडी उलगडून पाहिली, मावल्या. तिथून पुढे पोरांना ताक.

साडेबारा. वायरिंग झालं. सहाही पॅनेल ओळीत जोडली, मल्टीमीटर लावला, तीनशेच्या जवळपास डीसी व्होल्ट. अर्थिंगचे तीन खड्डे: डीसीचा, एसीचा आणि तडितरोधकाचा. तिसऱ्या खड्ड्यावरून प्रत्येक घरी घासाघीस होते, आणि मी ती कधीही ऐकत नाही. मग काकांचा तो ठरलेला प्रश्न, "आता लाईट गेली तरी आपलं चालू राहणार ना?" नाही. ग्रीड गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. खांबावर वायरमन चढलेला असतो, तुमच्या गच्चीवरची वीज उलटी जाऊन त्याला लागू नये म्हणून. लोक यावर खट्टू होतात. ऊन माथ्यावर, पॅनेल डोक्यावर आणि पंखा बंद, हे पटायला अवघडच. बॅटरी लावता येते, पण किंमत ऐकून विषय तिथेच संपतो.

अडीच. ढेबेवाडीच्या वाटेवरच्या एका गावातून फोन होता, "इन्व्हर्टर दुपारीच झोपतोय." पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली, तेव्हापासून या पट्ट्यात गावागावांना चुरस लागली आहे. चांगलीच गोष्ट. पण या गावात एकाच डीपीवर बरीच घरं सोलरची, आणि हे घर लाईनीच्या अगदी शेवटी. दुपारी सगळ्या गच्च्या वीज बाहेर ढकलतात आणि गावात वापरणारं कुणी नसतं, सगळे रानात. मीटर लावला तर २६० च्या वर व्होल्ट. मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर अंग काढून घेतो. पॅनेल ठणठणीत, इन्व्हर्टर ठणठणीत, आणि ऐन उन्हाचा तास फुकट. तार जाड करायची, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलायचा, ही कामं माझ्या हातातली नाहीत. अर्ज लिहून दिला. माझ्या हातातलं एकच होतं, तेही सांगितलं. पाण्याची मोटर, गिरणी, वॉशिंग मशीन, जे काय चालवायचं ते बारा ते तीनमध्ये चालवा. घरातल्या आजी म्हणाल्या, "दळण आम्ही रातच्यालाच टाकतो." सुनेने मान डोलावली. बघू.

पाच. परतीला आमच्या पोरांपैकी संतोषच्या चुलत्यांच्या रानात थांबलो. उसाला पाणी द्यायची त्यांची पाळी रात्रीची, आणि बिबट्या दिसल्यापासून जोडीला माणूस लागतो. त्यांना कार्बनच्या नेट झिरोचं काही सोयरसुतक नाही. त्यांना दिवसा वीज हवी. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' हेच करू पाहते आहे: गायरानावर किंवा पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि जवळच्या शेतीच्या फीडरला दिवसाच वीज द्यायची. उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटचं. कार्बनच्या दृष्टीने माझ्या शंभर गच्च्यांपेक्षा असा एक फीडर भारी, हे धंदा माझा असूनही कबूल करायला हवं. पंप दिवसा चालला की सूर्याची वीज तयार होते तेव्हाच खपते.

सात. गाळ्यावर हिशेब लिहितो तेव्हा बाहेर सगळी पेठ उजळलेली असते. याच वेळी माझे झिरो बिलवाले घरोघरी टीव्ही, मिक्सर, गिझर लावून बसलेले असतात, आणि त्यांच्या गच्चीवरून काही येत नसतं. दुपारी दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट नेट मीटर एकमेकांतून वजा करतो. हवेत ती वजाबाकी इतकी सोपी होत नाही. रात्रीची वीज मुख्यतः कोळशाची, २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूरसारख्या केंद्रांतली. जोडीला आमच्या उशाची कोयना, १,९६० मेगावॅट, संध्याकाळची ओढ भागवायला हुकमी. पण तिच्यावरही किती भार टाकायचा? वीज करून पश्चिमेला उतरणाऱ्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. देशाने नेट झिरोसाठी २०७० साल धरलं आहे. तोवर बॅटऱ्या स्वस्त होतील, होऊ देत. दळणाची वेळ बदलायला मात्र २०७० ची वाट पाहायचं कारण नाही, आणि त्याला अनुदानही लागत नाही.

पावणेनऊ. जेवायला बसलो आणि फोन. गेल्या महिन्यात मीटर बसलेले सर.

"अहो, बिल आलंय! झिरो म्हणाला होतात ना?"

"सर, तो स्थिर आकार आहे. तो सगळ्यांनाच भरावा लागतो."

"मग झिरो कसलं?"

"युनिटचं झिरो, सर. खाली बघा, जमा युनिट दाखवलेत."

चष्मा शोधायला गेले. फोन तसाच चालू. इकडे भाकरी गार होत होती, तिकडून मागे वॉशिंग मशीनचा आवाज येत होता.

"सर, ते मशीन दुपारी लावत चला."

"दुपारी कोण असतं घरी?" सर म्हणाले. मशीनला टायमर असतो, तो कसा लावायचा ते दाखवायला उद्या साडेनऊला त्यांच्याकडे जायचं ठरलं.