मेंढ्याचे रान, मेंढ्याचा कारभार

तळेगाव दाभाड्यापासून चाकणपर्यंत मोकळी जमीन दिसली की तिला गिऱ्हाईक मिळते. तळेगाव ज्या मावळात आहे, तिथल्या डोंगराकडेच्या वाड्यापाड्यांत ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी राहतात. गुरांचा चारा, सरपण, रानभाजी यांसाठी त्यांना सामाईक रानाचाच आधार. असे रान गावाने कसे सांभाळावे, याचा चोख नमुना गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आहे. गोंडांचे ते छोटे गाव म्हणजे मेंढा (लेखा).

मेंढ्याचे निस्तार हक्क, म्हणजे रानातून गरजेपुरते घेण्याचे हक्क, जुने. चराई, लाकूड, बांबू गावाला मिळे. पुढे जंगल सरकारी झाले आणि बांबू कागद कारखान्याकडे जाऊ लागला. १९८०च्या दशकात धरणविरोधी आंदोलनातून गाव जागे झाले. गावचे देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा रुजली.

घोषणेमागे शिस्त होती. ग्रामसभेत बाया आणि पुरुष दोघेही बसतात. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू राहते. अवघड विषय आधी अभ्यासगटात चघळला जातो, बाहेरच्या जाणकारांनाही तिथे बोलावतात. हे सावकाश चालते, पण नियम साऱ्यांनी मिळून केलेला असल्याने तो पाळलाही जातो.

२००६च्या वनहक्क कायद्याने या कारभाराला बळ दिले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यावर वनखाते अडून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले.

त्याच वर्षी, २८ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले होते. पण न्यायालय रोज रानात राखण करायला येत नाही. ते काम ग्रामसभेचेच.

वनहक्क कायदा मावळालाही लागू आहे. त्यात चराईचा हक्क आहे आणि पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. ज्या वाडीने अजून दावा केला नसेल, तिने ग्रामसभा बोलवावी, वनहक्क समिती नेमावी, रानाची हद्द स्वतः फिरून नकाशावर उतरवावी. तळेगावातल्या शिकलेल्या मंडळींनी त्यांना कागदपत्रांत हात द्यावा.