भिंतीवरचं शेत

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून दम लागला की थोडं थांबा आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिरा. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली दिसतील. त्यात काय लिहिलंय? चक्क जमिनीचा व्यवहार! गौतमीपुत्र सातकर्णी राजानं राज्याच्या 18व्या वर्षी पश्चिम काखडी गावातलं 200 निवर्तनं शेत इथल्या भिक्षूंना दिलं. (निवर्तन हे जमीन मोजायचं जुनं माप.) गंमत पुढंच आहे. 24व्या वर्षी दुसरा आदेश निघाला: ते शेत कुणी कसत नाही, गावात वस्तीही नाही, तेव्हा नगराच्या हद्दीवरची राजाची 100 निवर्तनं जमीन द्या. दगडातला सातबाराच की हा, तोही फेरफारासकट!

इतकी जुनी अक्षरं झिजणारच. अशा वेळी कामी येतो लेझर स्कॅनर. त्याचा किरण भिंतीवर आपटून परत येतो आणि त्याला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढतं. भिंत 3 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन लागतात जेमतेम 20 नॅनोसेकंद. एका सेकंदात नॅनोसेकंद असतात 100 कोटी! असे लाखो ठिपके जोडून संगणकात अख्खं लेणं उभं राहतं. मग त्यावर हवा तसा तिरपा उजेड टाकायचा, की पुसट रेघांच्याही सावल्या पडतात.

खडकाआड दडलेलं मात्र लेझरला दिसत नाही, बरं का. डेलामेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1823 मध्ये या लेण्यांची नोंद केली. त्यानंतर याच डोंगरावर आणखी तीन लेणी उजेडात आली ती थेट 2021 मध्ये, तीसुद्धा साफसफाई करताना!

आणि काखडीचं शेत? त्यासाठी डोंगर उतरायला हवा. आदेशात गोवर्धनचं नाव आहे आणि त्या नावाचं गाव आजही नाशिकजवळ आहे. तिथून ड्रोन उडवायला सुरुवात करता येईल. जमिनीखाली जुना पाया असेल तर वर माती कमी, म्हणून तिथलं पीक आधी पिवळं पडतं. बुजलेल्या खंदकात ओल टिकते, तिथलं पीक तरारतं. आयर्लंडमध्ये 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात एका पुरातन वर्तुळाचा आराखडा ड्रोनमधून असाच दिसला होता. आपल्या द्राक्षबागांना ठिबकचं पाणी मिळतं, तिथं ही युक्ती फसेल. शोधायचं तर कोरडवाहू गहू-हरभऱ्याचं रान गाठावं लागेल, तेही कापणीआधी.