पन्हळीचा जमाखर्च

संसाराच्या वार्षिक अंदाजपत्रकांत धान्य, विद्या, औषधपाणी, सणवार व लग्नकार्यें यांना ज्याच्या त्याच्या मानानें जागा मिळते. घराच्या रंगालाहि मिळते. परंतु छपराच्या कडेला निमूटपणें लोंबणारी पन्हळ कोणाच्याहि वहींत आढळत नाहीं. ती आठवते भर आषाढांत, माजघराच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटूं लागला म्हणजे. त्या वेळीं गडी मिळत नाहीं. मिळाला तर दुप्पट मागतो. आणि तो चढला कीं उतरेपर्यंत घरच्या माणसांचा जीव थाऱ्यावर राहत नाहीं. कोंकणांत व गोमंतकांत ज्यांचें घर आहे त्यांनीं या लहानशा वस्तूचा जमाखर्च एकदां नीट मांडून पाहावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

पाण्याची मोजदाद

पुण्यास वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीस तो ३,००० मिलिमीटरांहून व महाबळेश्वरास ५,५०० मिलिमीटरांहून अधिक असतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. यावरून शंभर चौरस मीटर जागा झांकणारें मध्यम छप्पर रत्नागिरींत दरसाल तीन लाख लिटर पाणी झेलतें, आणि तेंहि बहुतेक सारें चार महिन्यांत.

घर दुपाखी असेल तर एका पाखीच्या वांट्यास यांतील निम्मा भार येतो. तासास पन्नास मिलिमीटर या वेगानें सर कोसळूं लागली कीं एका पाखीवरून तासाला अडीच हजार लिटर पाणी उतरतें. म्हणजे मिनिटाला सुमारें चार बादल्या. पन्हळ मोकळी असली तर हें पाणी नळावाटे परसांत दूर जातें. तिचें तोंड चोंदलें असेल तर त्याच चार बादल्या दर मिनिटास भिंतीच्या पायाशीं, ठराविक एकाच जागीं ओतल्या जातात. जांभ्याचा चिरा सच्छिद्र. तो पाणी पितो, आणि पुष्कळ दिवस धरून ठेवतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशीं या एकाच पाखीवरून सत्तेचाळीस हजार लिटर पाणी वाहून जावें लागतें. त्या वेळीं पन्हळ साफ करूं म्हणणें हें घर पेटल्यावर विहीर खणण्यासारखेंच आहे.

पूर्वीं काय होतें?

आमच्या वाडवडिलांचें पन्हळीवांचून कसें भागत होतें, अशी शंका कोणी काढील. त्यांच्या घरांची वळचण चांगली पुढें आलेली असे. पागोळ्या भिंतीपासून दूर अंगणांत पडत, व तेथें माती वाहून जाऊं नये म्हणून चिऱ्यांची ओळ बसविलेली असे. जेथें दोन छपरें मिळून खोलगट भाग होई तेथेंच पन्हळ लागे, आणि ती पोफळ चिरून किंवा आंब्याचें खोड कोरून करीत. पुढें बाझल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, व मंगळुरी कौल हळूहळू साऱ्या किनाऱ्यावर पसरलें. मग जस्ती पत्रा आला, अलीकडे पीव्हीसीची पन्हळ आली. जागा आंखडल्या, वळचणी तोकड्या झाल्या, शेजाऱ्याची भिंत हाताच्या अंतरावर आली. आपल्या छपराचें पाणी त्याच्या पायांत जाऊं न देणें हें शेजारधर्माचें काम आहे. तें आतां पन्हळीवांचून होत नाहीं.

परंतु तीच पन्हळ तुंबली तर नसलेली बरी, असें म्हणण्याची पाळी येते. आंब्याफणसाचीं पानें, कौलांवरचें शेवाळ, कावळ्याच्या घरट्याच्या काटक्या व वाऱ्यानें आलेली धूळ यांचा वर्षभरांत एक काळा गाळ होतो. पक्ष्यांच्या विष्ठेंतून पिंपळाचें बीं तेथें पडतें आणि रुजतें. त्याचें मूळ एकदां भिंतींत शिरलें कीं वरची फांदी छाटून कांहीं उपयोग होत नाहीं. शिवाय वजनाचा विचार करा. सहा इंची अर्धगोल पन्हळ दहा मीटर लांब असेल आणि कांठोकांठ भरली, तर तिच्यांत जवळजवळ नव्वद किलो पाणी मावतें. हा भार वाशांच्या टोकांस मारलेल्या आंकड्यांवर पडतो. आंकडे वांकतात, पन्हळ कलते, पाणी मागें वळून वाशांत मुरतें, आणि ओलसर लांकडाचा वास वाळवीला लागावयास वेळ लागत नाहीं.

हिशेब रोजांचा

मजुरीचे दर गांवोगांव निराळे व दरसाल चढते. यासाठीं आपण रुपयांऐवजीं रोजांत हिशेब करूं. एक रोज म्हणजे एका माणसाचें एका दिवसाचें काम. साध्या दुपाखी घराची पन्हळ दोघांनीं मिळून अर्ध्या दिवसांत साफ होते, असें धरूं. म्हणजे एका खेपेस एक रोज. वर्षांतून तीन खेपा, म्हणजे तीन रोज. आंकडे ठोकणें, सांधे बुजविणें, रंगाचा हात देणें यांसाठीं आणखी एक धरला तर सालाचे चार, आणि दहा वर्षांचे चाळीस रोज झाले.

आतां दुसरी बाजू. दहा वर्षें हा खर्च वांचविला, आणि अखेरीस एका बाजूच्या वाशांचीं टोकें कुजलीं, असें समजा. कौलें उतरावयाचीं, रिपा काढावयाच्या, वासे बदलावयाचे, पुन्हां शाकारणी करावयाची, भिंतीचा गिलावा नवा घालावयाचा. एक सुतार, एक गवंडी व दोन गडी दहा दिवस गुंतले कीं चाळीस रोज तेथेंच संपले. लांकडाची, सिमेंटाची व रंगाची किंमत निराळी. म्हणजे जी बचत आपण समजत होतों ती वस्तुतः भिंतीकडून व्याजानें काढलेलें कर्ज होतें. शहरांतील सहकारी गृहसंस्थांसहि हेंच गणित लागूं पडतें. गच्चीवरील पाण्याचीं तोंडें उघडीं ठेवण्याचा खर्च सभेंत नामंजूर होतो, आणि वरच्या मजल्याच्या छताची दुरुस्ती पुढल्या सभेंत निमूटपणें मंजूर करावी लागते.

आरोग्याची रकमहि याच खात्यांत धरली पाहिजे. सर रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें हिंवतापाचे जंतु डांसाच्या पोटांत प्रत्यक्ष पाहिले. पुढें १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईंतील हिंवतापाविषयीं दिलेल्या अहवालांत शहरांतील विहिरींवर बोट ठेवलें. विहिरींत वाढणारा तोच डांस टांक्यांत आणि तुंबलेल्या पन्हळींतहि अंडीं घालतो. डेंग्यू पसरविणाऱ्या डांसास तर वाटीभर सांचलेलें पाणी पुरतें. अंड्यापासून डांस होण्यास उन्हाळी हवेंत आठदहा दिवस बस्स होतात. पाऊस उघडल्यावर पन्हळींत पाणी दिसत राहिलें तर उतार चुकला असें समजावें. दर दहा फुटांस सुमारें अर्धा इंच उतार पाहिजे.

चढणाऱ्या माणसाची किंमत

या हिशेबांत एक रकम मात्र बहुधा कोणीच धरीत नाहीं, आणि तीच सर्वांत मोठी आहे. ती म्हणजे वर चढणाऱ्या माणसाचा जीव. शेवाळलेलें कौल पायाखालून केव्हां निसटेल याचा नेम नसतो. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण माणसाच्या भारानें एकाएकीं फुटतो. अल्युमिनियमची शिडी विजेच्या तारेस टेकली तर उपायच उरत नाहीं. भर पावसांत गड्यास छपरावर चढविणारा मालक एका रोजाच्या मजुरींत त्याचा जीवहि विकत घेऊं पाहतो, हें स्पष्ट बोललेलें बरें.

आणि कित्येक घरीं तर गडीहि नसतो. मुलें मुंबईस, पुण्यास किंवा परदेशीं. घरांत सत्तरी उलटलेले वडील व आई. मुलें पैसे धाडतात, प्रकृतीची चौकशी करतात. परंतु एक रोज वांचावा म्हणून वडील स्वतःच शिडी लावतात, हें त्यांच्या कानांवर येत नाहीं. आलें तर फार उशिरा येतें. मांडीचें हाड मोडल्यावर त्या वयांत माणूस पूर्ववत् हिंडूं लागेलच असें नाहीं. तेव्हां दूर राहणाऱ्या मुलांनीं, “पन्हळ साफ करून घ्या” एवढें पत्रांत अगर फोनवर सांगून थांबूं नये. गांवांतील विश्वासू माणूस ठरवून, त्याची मजुरी आगाऊ देऊन, काम झाल्याची खात्री स्वतः करून घ्यावी.

रीत

पहिली खेप रोहिणी नक्षत्रांत, मृग लागण्यापूर्वीं, छप्पर कोरडें असतांना. दुसरी गणपतीपूर्वींच्या उघाडींत; ही केवळ शिडीवरून करावी, कौलांवर पाय ठेवूं नये, व खालीं शिडी धरावयास दुसरा माणूस असावा. तिसरी हस्ताचा पाऊस ओसरल्यावर. गाळ नारळाच्या करवंटीनें किंवा लांकडी फळकुटानें काढावा. लोखंडी खुरप्यानें पत्र्याचें जस्त खरवडून निघतें. तो नळांत न ढकलतां टोपलींत भरावा. फुलझाडांस तो चांगलें खत होतो. शेवटीं दोन बादल्या पाणी ओतून तें कोठें रेंगाळतें हें पाहावें. तोंडावर जाळी बसवावी, पण जाळी बसविली म्हणजे काम संपलें असें मानूं नये. तीहि झाडावी लागते. छपरावर आलेल्या फांद्या वैशाखांतच छाटाव्या.

इतकें केल्यावर जमेच्या बाजूसहि कांहीं लिहितां येईल. एवढा पाऊस पडूनहि चैत्र-वैशाखांत कोंकणांतल्या विहिरी तळ गांठतात, हा नेहमींचा अनुभव आहे. पन्हळ स्वच्छ असेल तर पहिल्या सरींचें पाणी सोडून देऊन पुढचें गाळून टांकींत घेतां येतें. दहा हजार लिटरांची झांकलेली टांकी एका पाखीवरील दोनशें मिलिमीटर पावसांत भरते. रत्नागिरीच्या श्रावणापूर्वींच्या झडींत त्यास फार दिवस लागत नाहींत. उन्हाळ्यांत तेंच पाणी धुण्याभांड्यांस व झाडांस कामीं येतें.

सारांश, गृहिणीनें आपल्या वहींत पन्हळीसाठीं एक ओळ राखून ठेवावी. मृगापूर्वीं एक रोज, गणपतीपूर्वीं एक, हस्तानंतर एक, आणि एक दुरुस्तीस. चार रोजांची ही रकम दरसाल न विसरतां लिहिली आणि वेळेवर खर्च केली, तर भिंत कोरडी राहील, वडील जमिनीवर राहतील, आणि पावसाळ्यांतील रात्रीं घरांतील माणसें पावसाचा आवाज स्वस्थ मनानें ऐकूं शकतील.